तिसऱ्या वळणावर हॉर्न

बुद्ध इंटरनॅशनल सर्किट या शर्यतीच्या ट्रॅकच्या तिसऱ्या वळणावर मी हॉर्न वाजवला. एकदा नाही, दोनदा. शेजारी बसलेले प्रशिक्षक क्षणभर गप्पच झाले. मग हेल्मेटच्या आतून आवाज आला, "मॅडम, सामने से ट्रक नहीं आएगा. वन-वे है."

माझा इलाज नव्हता. मी चिपळूणची. गाडी शिकले ती पप्पांच्या प्रीमियर पद्मिनीवर, कुंभार्ली घाटात. चढ आहे, रस्ता उजवीकडे दुमडतोय, पलीकडचं काही दिसत नाही, अशी जागा आली की अंगठा आपोआप हॉर्नवर जातो. बुद्धचं तिसरं वळण नेमकं तसंच आहे. चढत चढत घट्ट होतं आणि आत शिरताना समोर फक्त डांबर आणि आभाळ दिसतं. तिथे फॉर्म्युला वनच्या सेबास्टियन व्हेटेलला काय दिसायचं कोण जाणे, मला पोफळी सोडल्यावरचं वळण दिसलं.

ही गोष्ट फेब्रुवारी २०१९ मधली. नोकरीमुळे आम्ही तेव्हा गुरुग्रामला होतो. गाडी पुण्याहून नेलेली, एमएच १२ पासिंगची, स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस (अश्वशक्ती), आणि ही सगळी ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. मी सीए आहे, रोज ताळेबंद बघते. एवढे पैसे गाडीत घालण्याचं समर्थन मला स्वतःलाही करता आलं नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच. मंदार एवढंच म्हणाला होता, "औरंगाबादला बनते ना? मग माहेरचीच म्हण." चिपळूण आणि औरंगाबादजवळचं शेंद्रा, जिथे तो कारखाना आहे, यांच्यात किती अंतर आहे हे तो सोयीस्कर विसरला होता.

दीड वर्षात त्या गाडीचं खरं रूप मी पाहिलंच नव्हतं. सायबर सिटीच्या सिग्नलला ती इतर गाड्यांसारखीच उभी राहायची. यमुना एक्स्प्रेसवेवर मर्यादा ताशी १०० किलोमीटरची. ही गाडी सात सेकंदांच्या आत तिथे पोहोचते आणि तिथेच कायदा संपतो. पुढचं जे काही होतं ते वापरायचं तर रस्त्यावर गुन्हा करायचा, नाहीतर ट्रॅकवर जायचं. आणि ट्रॅक त्याच एक्स्प्रेसवेच्या कडेला, ग्रेटर नोएडात. ऑफिसमधल्या एकाने ट्रॅक डेचा फॉर्म पाठवला. आपली रोजची गाडी घेऊन या, पैसे भरा, दिवसभरात वीस-वीस मिनिटांच्या चार फेऱ्या मारा, एका फेरीत ट्रॅकला जमतील तेवढ्या चकरा. शर्यत नाही, बक्षीस नाही, घड्याळ नाही.

फॉर्म भरण्याआधी मी विम्याची पॉलिसी काढून वाचली. सवयच ती. खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचं एक कलम असतं. ते कुणी वाचत नाही. त्यात संघटित शर्यती, पेसमेकिंग (दुसऱ्याला वेग ठरवून देणं), रिलायबिलिटी ट्रायल (गाडी टिकते का याची चाचणी) आणि वेगचाचणी सरळ वगळलेल्या असतात. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, असा वाद घालता येईल, पण तो वाद मला भिंतीला धडकलेली गाडी समोर ठेवून घालायचा नव्हता. म्हणून मनाशी धरलं की त्या दिवशी गाडीला विमा नाही. जे मोडेल ते माझं. आयोजकांच्या कागदावरही तेच लिहिलेलं होतं, जरा गोड इंग्रजीत. मंदारला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग सावकाश चालव." ट्रॅकवर.

तयारीत मी काय केलं ते सांगते, म्हणजे काय केलं नाही तेही कळेल. इंजिन ऑइल बदललं. ब्रेक पॅड पाहिले, अर्ध्याहून जास्त शिल्लक होते. टायरच्या नक्षीत नाणं घालून पाहिलं. चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासून घेतले. हेल्मेट विकत घेतलं, तोंड पूर्ण झाकणारं. ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारा द्रव, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि माझ्या गाडीला दीडच वर्ष झालं होतं. सहा महिने शिल्लक असताना बाराशे रुपये कशाला घालवा, असा विचार केला. हे वाक्य लक्षात ठेवा.

शनिवारी पहाटे पाचला निघालो. धुकं होतं, फेब्रुवारीतही दिल्लीकडे असतं तसं, धुराचा वास मिसळलेलं. सर्किटच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा ग्रँडस्टँडचं छप्पर तेवढं धुक्यावर तरंगत होतं. २०११ साली इथे पहिली भारतीय ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनची शर्यत, झाली तेव्हा मी पुण्यात टीव्हीसमोर होते. शेवटी चौकटीचा झेंडा सचिनने हलवला, आणि आमच्या घरात शर्यत कुणी जिंकली यापेक्षा तीच बातमी मोठी होती. (व्हेटेल जिंकला होता. पुढची दोन्ही वर्षंही तोच जिंकला आणि मग ती शर्यतच भारतातून गेली.) पहिल्या सरावात एक भटकं कुत्रं ट्रॅकवर आलं होतं, तेही आठवलं. आता त्याच फाटकातून आपण आपल्या घरच्या गाडीने, डिकीत पराठ्यांचा डबा घेऊन आत शिरतोय, हे खरं वाटत नव्हतं.

नोंदणीच्या टेबलावरच्या मुलाने फॉर्म आणि मनगटाची पट्टी मंदारपुढे केली. मंदारने माझ्याकडे बोट दाखवलं. मुलगा म्हणाला, "अच्छा, मॅडम साथ में बैठेंगी?" मी माझं लायसन्स टेबलावर ठेवलं. दिवसभरात हे आणखी तीनदा झालं. चौथ्यांदा मंदारनेच सांगून टाकलं, "मैं सिर्फ डब्बा लाया हूँ."

मग गाडीची तपासणी. एका तंत्रज्ञाने बॉनेट उघडून बॅटरी हलवून पाहिली, खाली वाकून गळती पाहिली, ब्रेक लाइट लावायला सांगितले, चाकं धरून हलवली. गाडीतली सुटी वस्तू एकही राहता कामा नये. पाण्याची बाटली सीटखालून गडगडत पेडलमागे अडकली की काय होईल, याची कल्पना करा. स्टेपनी, जॅक, पायपुसणी, टिश्यूचा डबा, मोबाइलचा स्टँड, सगळं बाहेर. शेवटी त्याची नजर डॅशबोर्डवरच्या गणपतीवर गेली. चिकटवलेलाच होता, पण पुण्याच्या उन्हात डिंक सैल झाला होता. तो हात लावेना, मीही लावेना. "मॅडम, ये भी," तो हळूच म्हणाला. मग मी रुमालात गुंडाळून गणपती मंदारच्या शर्टाच्या खिशात दिला आणि तो दिवसभर तिथेच होता.

पुढच्या बंपरमध्ये एक छोटं झाकण असतं, ते काढून ओढायचा हुक बसवावा लागतो. गाडी कुठे अडकली तर तिला दोर लावायला. हुक गाडीच्या अवजारांत असतो, पण त्याचे आटे उलटे असतात. म्हणजे डावीकडे फिरवला की घट्ट. मंदारने तो पाच मिनिटं उजवीकडे फिरवून पाहिला आणि "खराब आहे" असा निकाल दिला. तंत्रज्ञाने हसत उलटा फिरवून बसवला.

माहितीच्या सत्रात झेंडे शिकवले. पिवळा दिसला की वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सगळ्यांनी सावकाश पिटमध्ये, गाड्या लावायच्या जागेत, यायचं. निळा म्हणजे मागून कुणी जलद येतंय, वाट द्या. काळा म्हणजे तुम्हीच, आत या, बोलायचंय. ओव्हरटेक फक्त सरळ रस्त्यावर, तोही पुढच्याने हात दाखवला तरच. हा शेवटचा नियम मला फार आवडला. सगळं आयुष्य आपल्याकडच्या हायवेवर गेलं, पुढच्याने आपण होऊन ‘जा’ म्हणणं ही चीज कधी पाहिली नव्हती. घाटात तेवढा चढणाऱ्याचा मान असतो, तोही आता कोण पाळतंय.

आणखी एक सूचना दोनदा सांगितली. फेरी संपवून गाडी लावली की पार्किंग ब्रेक ओढू नका. चाकामागच्या तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवायचे नाहीत. गिअर ‘पी’त टाका आणि चाकाला वीट लावा. त्या विटांचा ढीग पिटच्या मागे पडलेला होता. फॉर्म्युला वनसाठी बांधलेल्या गॅरेजमागे आमच्या गावच्या ट्रकवाल्यांची वीट.

पहिली फेरी नुसती बघण्याची. ट्रॅक ५.१२५ किलोमीटरचा, सोळा वळणांचा, हर्मन टिल्केने आखलेला. टीव्हीवर सपाट दिसतो, प्रत्यक्षात तो टेकाडावर चढतो, उतरतो. आणि काय रुंद! तिसऱ्या-चौथ्या वळणांच्या तोंडाशी तर इतका, की आपण नेमकं कुठे असायला हवं तेच कळत नाही. रस्त्यावर आपल्याला पट्टा असतो, पट्ट्यात राहायचं असतं. इथे पट्टे नाहीत. उजवीकडे वळायचंय तर आधी पार डाव्या कडेला जायचं, मग आतल्या कडेला चाटून बाहेर पडायचं, आणि बाहेर पडताना पुन्हा डाव्या काठापर्यंत गाडीला सुटू द्यायचं. कागदावर सोपं वाटतं. पण उजव्या वळणावर उजव्या काठाला जाणं म्हणजे घाटात समोरच्याच्या बाजूला घुसणं. पप्पांनी कानाखाली वाजवली असती. माझे हात पहिल्या दोन चकरा गाडी डावीकडेच ठेवत होते, मी कितीही ठरवलं तरी.

हॉर्न वाजवला तो त्याच फेरीत.

प्रशिक्षकांचा दुसरा धडा डोळ्यांचा होता. "आँखें कहाँ हैं आपकी?" हे त्यांनी इतक्यांदा विचारलं की मला स्वप्नातही ऐकू यायला लागलं. मी बॉनेटच्या पुढच्या वीस मीटरवर बघत होते. आपल्या रस्त्यांवर तिथेच बघावं लागतं, खड्डा तिथेच असतो. ट्रॅकवर खड्डा नसतो. ब्रेक मारायच्या आधी वळणाचा आतला कोन शोधायचा, त्या कोनापाशी पोहोचायच्या आधी बाहेरचा काठ, आणि काठापाशी असताना पुढचं वळण. हात नजरेमागे आपोआप जातात. पाचव्या वळणाकडे मी पहिल्यांदा असं मान वळवून पाहिलं आणि स्टिअरिंग किती कमी फिरवावं लागलं ते जाणवून हसूच आलं. तो एक क्षण सोडला तर पहिल्या वीस मिनिटांतलं मला फार काही आठवत नाही. घामाने हातमोजे ओले झाले होते, बाहेर बारा-तेरा अंशांची थंडी असताना.

मंदार गॅलरीतून मोबाइलवर वेळ मोजत होता, घड्याळ नको म्हटलेलं असूनही. पहिल्या फेरीतली माझी सगळ्यांत जलद चक्कर दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांची. व्हेटेलची इथली विक्रमी चक्कर १ मिनिट २७.२४९ सेकंदांची. "तो दोनदा फिरून आला असता," मंदार म्हणाला, "आणि चहा घेतला असता." गणित करून पाहिलं, चहाला जेमतेम तीन सेकंद उरतात.

दुसऱ्या फेरीत टायर हा विषय निघाला. थंड असताना मी हवा ३३ पीएसआय भरून आणली होती, आत आल्यावर मोजली तर ४०. गरम झालेली हवा दाब वाढवते, दाब वाढला की टायर फुगतो, मधला भाग रस्त्यावर टेकतो आणि कडा उचलतात. प्रशिक्षकांनी चारही चाकांतून थोडी थोडी हवा सोडायला लावली. पुढच्या डाव्या टायरच्या खांद्यावर रबराचे बारीक गोळे जमले होते, खोडरबर घासल्यावर पडतात तसे. हा ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून जास्त भार डाव्या बाजूला येतो. आणि माझी गाडी पुढच्याच चाकांनी ओढणारी, त्याच चाकांनी वळणारी, ब्रेकचंही मोठं काम तीच करणार. दहा-अकराचं ते लांबच लांब उजवं वळण आहे ना, वाडग्याच्या कडेसारखं कललेलं, तिथे मी ॲक्सिलरेटर दाबला की गाडीचं नाक सरळ बाहेर निघायचं आणि टायर रडायचे. माझी प्रतिक्रिया काय, तर स्टिअरिंग आणखी वळवायचं. टायर आणखी रडायचे.

"टायर को एक टाइम पे एक ही काम दो," प्रशिक्षक म्हणाले. वळवताय तर वळवा, ओढताय तर ओढा. पाय किंचित सैल केला की नाक आपण होऊन आत यायचं. ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, चालूच ठेवलं होतं, ते मध्येमध्ये दिवा लुकलुकवून माझ्या चुका मोजत होतं. दुसऱ्या फेरीतली सगळ्यांत जलद चक्कर दोन एकोणपन्नास.

आता तिसरी फेरी.

तिसऱ्या वळणातून बाहेर पडलं की एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता लागतो. सुरुवातीला तो खाली उतरतो, म्हणून गाडी आपली आपण पळत सुटते. ह्याच तुकड्यासाठी तर आपण आलोय, असं मला वाटत होतं. ट्रॅकच्या बाहेर सगळ्यांना हाच प्रश्न विचारायचा असतो: किती गेली? तर १९४ गेली. स्पीडोमीटरवर, म्हणजे खरी थोडी कमीच. पण खरं सांगू? सरळ रस्त्यावर काही घडतच नाही. इंजिन ओरडतं, आपण बसून राहतो. जे घडायचं ते टोकाशी, जिथे चौथं वळण ७०-७५ वर यायला सांगतं.

नंतर घरी बसून मी ह्याचा हिशेब मांडला. दोन माणसांसह गाडी सोळाशे किलोची धरली, १९० वरून ८० वर आणली, तर गेलेली गतिज ऊर्जा साधारण अठरा लाख ज्यूल होते. माठातलं साडेपाच लिटर पाणी उकळायला एवढी उष्णता पुरते. आणि हे चारपाच सेकंदांत, एका ब्रेकमध्ये. एका चकरेत असे मोठे ब्रेक तीन-चार, लहान वेगळे. रस्त्यावर असं एखाद्या दिवशी एकदा होतं, ट्रकने अचानक लेन बदलली तर. मग डिस्कला थंड व्हायला दहा मिनिटं मिळतात. इथे तीस सेकंद.

ही उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून पिस्टनमध्ये, पिस्टनमागच्या फ्लुइडमध्ये शिरते. ताजं डॉट ४ फ्लुइड (माझ्या गाडीत होतं तो प्रकार) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषत राहतं, आणि पुरेसं पाणी शोषलेल्या डॉट ४ साठी हाच आकडा १५५ वर येतो. माझ्या गाडीने पुण्याचा एक पूर्ण पावसाळा काढला होता. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय पेडल दाबतो, पेडल वाफ दाबतं आणि चाकांपर्यंत काही पोहोचतच नाही.

तिसऱ्या फेरीची सहावी चक्कर. वळणाच्या १५० मीटर आधीची पाटी आली, मी पाय टाकला आणि पेडल गेलं. ओल्या स्पंजात पाय घातल्यासारखं, खाली, आणखी खाली. गाडी थोडी कुरकुरली, पण थांबण्याचं नाव नाही. त्या क्षणी भीती वाटली का, असं सगळे विचारतात. भीती नंतर वाटली. त्या क्षणी फक्त नवल वाटलं, रोजच्या जिन्यात एक पायरी कमी निघावी तसं. पाय उचलून परत मारला, पुन्हा मारला. तिसऱ्यांदा पेडलला थोडा जीव आला. डाव्या हाताने स्टिअरिंगमागचं गिअरचं पॅडल ओढून गिअर खाली, खाली, खाली. हा हात कुंभार्लीचा. घाट उतरताना ब्रेकवर विसंबायचं नाही, गिअरवर उतरायचं, हे पप्पांनी पद्मिनीच्या स्टिअरिंगखालच्या दांड्यावर माझा हात धरून शिकवलं होतं.

"मुडना मत, सीधा जाने दो," प्रशिक्षक म्हणाले. आवाज अगदी सपाट. अर्धवटच कमी झालेल्या वेगात वळायला गेलो असतो तर गिरकी बसली असती. मी स्टिअरिंग सरळ धरलं आणि गाडी ट्रॅक सोडून पलीकडच्या मोकळ्या डांबरावर गेली. ते डांबर कशासाठी एवढं पसरून ठेवलंय ते कळलं. पुष्कळ आत जाऊन थांबलो. उजवीकडून एक पांढरी पोलो शांतपणे वळण घेऊन निघून गेली.

हळूहळू, ब्रेकला शक्य तितका हात न लावता पिटमध्ये आलो. वास आला तो थेट घाटाच्या पायथ्याचा. भरलेला ट्रक उतरून आला की ड्रमना येतो तो, पप्पा खिडकी वर करायला सांगायचे तो. मंदार धावत आला, चाकांतून निघणारा धूर पाहिला आणि पाण्याची पाच लिटरची बाटली उघडली. "पानी नहीं!" असं तीन दिशांनी तीन माणसं ओरडली. लाल तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी म्हणजे डिस्कला तडा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडावं, तेच. वीट लावली आणि गाडीला एकटं सोडलं.

मी बाजूला जाऊन बसले तेव्हा पाय थरथरायला लागले. मंदारने पराठा हातात दिला. खिशातल्या रुमालावर त्याचा दुसरा हात होता, त्याला कळत तरी होतं की नाही कोण जाणे.

दिवस संपला असं मी धरून चालले होते. शेजारच्या गॅरेजमध्ये एका जुन्या मारुती एस्टीमवर काम करणारे एक मिस्त्री होते, साठीचे, तोंडात सुपारी. त्यांनी विचारलं, "फ्लुइड कब बदला था?" मी खरं सांगितलं. "बाराशे बचाए," ते म्हणाले आणि आत जाऊन सीलबंद बाटली घेऊन आले. तासाभराने गाडी निवल्यावर त्यांनी पुढची चाकं काढली, कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाच्या, निपलला पारदर्शक नळी लावली, दुसरं टोक बाटलीत बुडवलं आणि मला आत बसवलं. "दबाओ. पकड़ के रखो. छोड़ो." मी दाबायची, ते निपल सोडायचे, बंद करायचे. नळीतून आधी शिळ्या चहाच्या रंगाचं काहीतरी आलं, आणि त्यात बुडबुडे. एकामागून एक, सोड्याच्या बाटलीसारखे. त्यांनी मला बाहेर बोलावून दाखवलं. सकाळी तपासणी करणाऱ्याने पॅड पाहिले, डिस्क पाहिल्या, गणपतीसुद्धा पाहिला. हे कुणाला दिसलं नसतं.

मग हळूहळू नळीतला रंग फिका झाला, फिक्या मधासारखा, आणि बुडबुडे थांबले. मागची चाकंही तशीच केली. पेडल पुन्हा दगडासारखं घट्ट. पैसे विचारले तर त्यांनी फक्त बाटलीचे घेतले आणि दोन पराठे.

चौथ्या फेरीला मी जाऊ नये असं मंदारच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याने तोंडाने सांगितलं नाही, ह्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. प्रशिक्षकांनी अट घातली: दोन चकरा मनापासून, एक चक्कर थंड. ब्रेक तीस मीटर आधी, पण एकदाच आणि सरळ रेषेत. मी सकाळपासून उशिरा आणि घाबरत ब्रेक मारत होते, म्हणजे आधी थोडा, मग जास्त, मग वळता वळता आणखी थोडा. पॅड सगळा वेळ डिस्कला चिकटलेले. उशिरा ब्रेक म्हणजे वेगवान, ही माझी समजूत. तसं केल्याने मी वळणात अडखळत शिरत होते आणि बाहेर पडताना गाडीला पळवायला काही उरत नव्हतं.

आता १५० च्या पाटीच्या बऱ्याच आधी पाय टाकला, ठाम टाकला, सोडला. वळणात गाडी निवांत बसली. तिसऱ्या वळणाच्या चढावर आभाळ दिसलं, मी आभाळाच्या उजवीकडे बघितलं आणि आतला काठ बरोबर जिथे असायला हवा होता तिथून वर आला. अंगठा हॉर्नपाशी गेला आणि परत आला. दहा-अकराच्या वाडग्यात टायर गुणगुणले, रडले नाहीत. दर तिसरी चक्कर सावकाश मारूनही सगळ्यांत जलद चकरेची वेळ निघाली दोन एकेचाळीस. सरळ रस्त्यावर जास्तीत जास्त वेग १८५, म्हणजे सकाळपेक्षा कमी. मंदारने तो आकडा दोनदा तपासला.

संध्याकाळी हिशेब केला. पुढचे दोन टायर संपल्यात जमा, डाव्याचा खांदा पार गुळगुळीत. पॅड निम्म्याचे पाव. पेट्रोल लिटरला पाच किलोमीटरही नाही. फी, हेल्मेट, मिस्त्रींची बाटली. बेरीज मी इथे लिहीत नाही, मंदारही वाचतो.

निघताना सामान भरलं, स्टेपनी जागेवर ठेवली, गणपती डॅशबोर्डवर नवी दुहेरी टेप लावून बसवला. राहिला हुक. मंदार म्हणाला, "मी काढतो," आणि पाना घालून त्याने तो पूर्ण ताकदीने डावीकडे फिरवला. ही बाब माझ्या लक्षात आली तोवर हुक असा बसला होता की मला, त्याला आणि सुपारीवाल्या मिस्त्रींनाही हलेना. तसाच घेऊन एक्स्प्रेसवेला लागलो. मी ९० वर होते, डाव्या लेनमध्ये, आणि प्रत्येक ट्रकच्या मागे पुढचं मोकळं दिसेपर्यंत थांबत होते. मंदार शेजारी झोपला.

सोमवारी ऑफिसच्या तळघरात गाडी लावली तेव्हा सुरक्षारक्षकाने पुढून मागून एक चक्कर मारली. टायरवरचे रबराचे गोळे पाहिले, बंपरमधून बाहेर आलेला लोखंडी हुक पाहिला आणि कळवळून विचारलं, "मॅडम, गाडी टोचन होकर आई है क्या?"